गारगोटीचे शनिवार-रविवार

बँकेच्या नोकरीत मी छत्तीस वर्षे काढली; त्यांतले एकही वर्ष गारगोटीच्या वाट्याला आले नाही. सांगली, सिंधुदुर्ग, सोलापूर, मधली तीन वर्षे मराठवाडा अशा बदल्या होत राहिल्या. मुलांची शाळा आणि आईचे आजारपण यांमुळे सौ. मात्र गारगोटीच्या घरीच राहिली. शनिवारी अर्धा दिवस काम असे. ते आटोपून मिळेल ती एस. टी. पकडायची, कोल्हापुरात गाडी बदलायची आणि पुढचे पन्नास किलोमीटर कापून मुधाळतिट्ट्यामार्गे दिवेलागणीनंतर घर गाठायचे, हा क्रम. रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे पुन्हा पिशवी उचलायची. दुसरा व चौथा शनिवार बँकांना पूर्ण सुटी मिळू लागली ती 1 सप्टेंबर 2015 पासून. तोवर माझी नोकरी चारच वर्षे उरली होती. सवयीने एकदा हिशेब मांडला. लेखापरीक्षणे, वर्षअखेर आणि मराठवाड्यातील वर्षे वजा जाता आमचा संसार साधारण हजार-बाराशे रविवारांचा भरतो.

निवृत्तीनंतर सगळेच वार सारखे झाले आणि काही महिन्यांतच त्याचा कंटाळा आला. तेव्हा सौ.नेच नियम घातला. सोमवार ते शुक्रवार मी सकाळी दादांच्या दुकानी बसून वह्या आणि जीएसटीचे काम पाहावे, तिने घर व नातवंडे सांभाळावीत. शनिवार-रविवार मात्र आम्हा उभयतांचे. “इतकी वर्षे आपण रविवारच जगलो, तेच आता नीट जगू,” असे ती म्हणाली.

या दोन दिवसांची खरी बहार शरद ऋतूत असते. भुदरगड तालुक्यात पावसाळा म्हणजे चार महिने कोंडून घेणे. वेदगंगा दुथडी भरून वाहते, अंगणात शेवाळ, भिंतींना ओल. नवरात्राच्या सुमारास एका सकाळी अचानक ऊन पडते आणि समोरचा सह्याद्री धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ दिसू लागतो. नदीकाठी पहाटे धुके, खाचरांत पिवळे पडत चाललेले भात, बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे. दुपारचे ऊन मात्र आश्विनात चांगलेच भाजते; शरदाचे नुसते कौतुक करणाऱ्यांनी येथे येऊन दुपारी बारा वाजता उभे राहावे.

आमचे धावणे याच दिवसांत सुरू होते. सहा वर्षांपूर्वी सौ.च्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले. ती चालू लागली, वर्षभराने चालण्याचे हळूच धावणे झाले आणि मी मागे पडलो. आता ती पाच किलोमीटर न थांबता जाते. मी तीन धावतो, दोन चालतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी पंजाबी ड्रेस आणि कापडी बूट घालून रस्त्याने धावणारी बाई गारगोटीने पूर्वी पाहिली नव्हती. पहिल्या आठवड्यात चहाच्या टपरीवरून विचारणा झाली, “काकू, एस. टी. चुकली काय वो?” ती न थांबता म्हणाली, “न्हाई, साखर पळवायला लागलीय.” त्या दिवसापासून टपरीवाले आम्हांला हात करतात.

पावसाळ्यात मात्र ती धावत नाही. चातुर्मासात मुनिजन विहार थांबवतात त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे: पावसाने जमिनीवर जीवसृष्टी दाटलेली असते. आमच्याकडच्या रस्त्यांवर आषाढ-श्रावणात गोगलगायी, पैसा किडे, बेडकांची पिले अक्षरशः पसरलेली असतात. ते चार महिने ती घरातल्या पडवीत फेऱ्या मारते. आश्विनात डांबर कोरडे झाले की उजाडल्यावर, दर्शन आटोपून, दोन खजूर खाऊन आम्ही निघतो. तेव्हाही तिची दृष्टी चार हात पुढच्या जमिनीवर असते. धावण्याचे जाणकार सांगतात की मान वर ठेवावी. तिला ते मान्य नाही, आणि अजून ती एकदाही ठेचकाळलेली नाही.

आमची वाट मौनी विद्यापीठाच्या परिसरावरून नदीच्या बाजूस जाते. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले डॉ. जे. पी. नाईक यांनी हे विद्यापीठ 1952 साली या आडबाजूच्या गावात उभे केले. त्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटरची शर्यत जिंकली आणि त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. दोघांची जन्मतारीखही एकच. ही कथा मी सौ.ला धावता धावता सांगितली, तर तिने विचारले, “त्यांच्यात पुढं कोण पळायचं?” त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांना पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे आमच्याकडे आदराने सांगितले जाते. जन्मभर तारण पाहून कर्जे मंजूर केलेल्या माझ्यासारख्यास त्या गहाणखताचे पदकाइतकेच अप्रूप वाटते. खाशाबांचे पाय हे तारण म्हणून कोणत्याही शाखेने स्वीकारले नसते.

दिवाळीनंतर गळीत हंगाम भरात येतो आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता व्यापतो. मग धावणे आडवाटेने. म्हणजे आमचा खरा मोसम पाच-सहा आठवड्यांचाच.

शनिवारचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. ही माझी निवृत्तीनंतरची हौस नव्हे. परगावी भाड्याच्या खोलीत राहताना कांदा-लसूण-बटाट्याविना जेवण मिळेना, म्हणून स्टोव्ह घेतला आणि हाताने करू लागलो. त्या काळात दोडक्याने मला जगवले. दोडक्याची भाजी करावी. शिरा काढून ठेवाव्यात, त्या तव्यावर कोरड्या भाजून तीळ, सुके खोबरे व हिरवी मिरची घालून खरंगटून घ्याव्यात. ही चटणी आणि नाचणीची भाकरी, वर घरचे तूप, एवढे असले की मला दुसरे काही लागत नाही. सौ.ला लागते. तिच्यासाठी मूगडाळीची आमटी आमसूल घालून, आणि आजऱ्याकडच्या घनसाळ तांदळाचा मऊ भात. घनसाळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा दादांनी दुकानात पाटी लावली होती. पण तांदळाचा वास रस्त्यापर्यंत येत असताना पाटी कशाला, असे माझे मत होते.

आश्विनात लाल भोपळे निघतात, म्हणून घारगे होतात. किसलेला भोपळा तुपात वाफवावा, त्यात गूळ विरघळू द्यावा आणि मावेल तेवढीच कणीक, थोडे तांदळाचे पीठ व वेलची घालून पाण्याचा थेंबही न घालता मळावे. घाईने पाणी घातले की घारगे तेलकट होतात. सौ. घारग्याचा अर्धाच तुकडा घेते आणि दुसऱ्या दिवशी एक किलोमीटर जास्त धावते. चातुर्मास संपून पहिली मेथी घरात येते तो दिवस आमच्याकडे सणाचा. मधाचा मात्र आम्हांला उपयोग नाही. याच तालुक्यातले पाटगाव ‘मधाचे गाव’ म्हणून नावारूपाला आले आहे, आणि मौनी महाराजांच्या मठापाशी गेलो की पाहुणे बाटल्या घेतात. आम्ही तेथून नाचणी घेऊन परततो.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याची चाल आहे. भाद्रपदाच्या आरंभी सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, दिवाळीत सहाच्या आसपास. म्हणजे दिवस लहान होत जातो आणि ताट लवकर वाढावे लागते. नेमकी हीच दुकानात गिऱ्हाइकांची वेळ: शेतातून परतणारे, शेवटची गाडी गाठणारे. नोकरीत मी हा नियम कित्येकदा मोडला, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. दादांनी कधीच मोडला नाही. मात्र नियम पाळण्यासाठी त्यांनी कित्येकदा जेवणच सोडले. वहिनी साडेपाचला ताट झाकून ठेवत, दादा “एवढं एक गिऱ्हाईक” म्हणत राहत आणि बाहेर दिवे लागत. चाळीस वर्षे असे चालले. गेल्या वर्षी श्रावणात ते गल्ल्यावरच कोसळले. कोल्हापुरास नेले, दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी जेवण वेळेवर, चालणे आणि आठवड्याची विश्रांती, अशा तीन गोष्टी बजावल्या.

तिसऱ्या गोष्टीवरून घरात वाद झाला. रविवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवावे, असे पुतण्याने सुचवले. दादा म्हणाले, “रविवार हा काय आपला वार आहे?” वास्तविक रविवारची सुटी आपोआप आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती वर्षानुवर्षे मागितली आणि 1890 च्या जूनमध्ये पदरात पाडून घेतली. आपण व्यापारी त्या मागणीत कधी नव्हतो. 1948 च्या कायद्यानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. 2017 च्या नव्या कायद्याने बाराही महिने, तीसही दिवस ते उघडे ठेवण्याची मुभा दिली. त्यात कामगाराची साप्ताहिक सुटी शाबूत आहे. मालकाच्या सुटीविषयी कायदा काही बोलत नाही, आणि आपल्यातल्या बहुतेक दुकानांत मालक हाच पहिला कामगार असतो.

दादांनी मला पंच नेमले. मी मागील दोन वर्षांच्या वह्या काढल्या आणि रविवारी दुपारनंतरची विक्री वेगळी मांडली. निकाल दादांच्या बाजूने लागला: आठवड्यातील सर्वांत मोठा गल्ला त्याच वेळचा होता. मी आकडे वाचून दाखवले. दादा समाधानाने हसले. तेवढ्यात वहिनी, ज्या दुकानाच्या गोष्टीत कधी बोलत नाहीत, दारातून म्हणाल्या, “भाऊजी, कोल्हापूरच्या दवाखान्याचं बिल कुठल्या वहीत लिहिलंय?” ते कोणत्याच वहीत नव्हते. मी ते घरखर्चात टाकले होते.

दसऱ्यापासून रविवारी दोन वाजता शटर खाली येऊ लागले. दिवाळीआधीचे दोन रविवार दादांनी अपवाद म्हणून राखून घेतले.

पहिल्याच मोकळ्या रविवारी आम्ही सारे भुदरगडावर गेलो. पायथ्याचे पेठशिवापूर मागे टाकून गाडीरस्ता थेट वर जातो, त्यामुळे दादांना त्रास नव्हता. गाडी पुढे गेली आणि शेवटची चढण आम्ही उभयतांनी पायी घेतली, सौ. वळणावर थांबून माझी वाट पाहत होती. हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात. 1844 साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले त्यात सामानगडाबरोबर भुदरगड होता. वर माथा ऐसपैस सपाट आहे, भैरवनाथाचे देऊळ आहे आणि ‘दूधसागर’ नावाचा मोठा तलाव. त्याचे पाणी मातीमुळे खरोखरच दुधट दिसते. पावसाळ्यानंतर तो काठोकाठ भरलेला होता. गवत नसलेल्या कातळावर सतरंजी घातली. दादा तलावाभोवती अर्धी फेरी चालले, मग बसले, मग दोनदा खिशातल्या किल्ल्या चाचपून पाहिल्या.

पाच वाजता डबे उघडले. भाकरी, दोडक्याची चटणी, दहीभात, घारगे. सूर्य अजून दोन कासरे वर होता. वहिनी म्हणाल्या की लग्नानंतर इतक्या वर्षांत यांना सावकाश जेवताना त्या प्रथमच पाहत आहेत. दादांनी ते ऐकले नसावे. ते वाटेने चाललेल्या एका शेतकऱ्याला थांबवून त्याच्या भाताविषयी विचारत होते. त्याच्या पिशवीतला एक दाणा घेऊन त्यांनी दाताखाली फोडला. “अजून ओल हाय. आठ दिवस वाळीव, मग आण.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात पुढे होण्याआधीच पुतण्याने तो उचलला आणि म्हणाला, “आज दुपारनंतर बंद. उद्या सकाळी आठला या.” दादांनी उरलेला घारगा दोनदा उलटून पाहिला आणि खाल्ला.

परतताना पेठेतून आलो तेव्हा अंधार पडला होता. दुकानाच्या पायरीवर कुणीतरी तेलाचा रिकामा डबा ठेवून गेले होते, खाली दगडाने दाबलेली मालाची यादी. दादांनी मोटारीतून उतरून डबा आत ठेवला, यादी दिव्याखाली धरून वाचली आणि किल्ल्यांबरोबर खिशात घातली.