राजा घाटाच्या भिंतीवरचा पाहुणा

काशीचा राजा घाट पूर्वी अमृतराव घाट म्हणून ओळखला जाई. पेशवे घराण्यातील अमृतरावांचे ते नाव. पावसाळ्यानंतरच्या एखाद्या पहाटे तिथल्या दिव्याखाली, दगडाला चिकटलेला एक तपकिरी जीव दिसतो. पाहणारा क्षणात निवाडा देतो: रंग मळकट, वेळ रात्रीची, म्हणजे पतंग. निवाडा चुकू शकतो. ‘कॉमन इव्हनिंग ब्राउन’ हे वाळक्या पानासारखे दिसणारे फुलपाखरू संधिप्रकाशातच उडते. उलट, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे काही पतंग भरदिवसा फुलांवर हिंडतात.

पंखांची ठेवणही पुरती विश्वासार्ह नाही. पतंग पंख पसरून किंवा छपरासारखे उतरते ठेवून बसतात हे बहुधा खरे. पण ऊन खाणारे फुलपाखरूही पंख पसरतेच. म्हणून आधी शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहाव्यात. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाशी गाठ असते (‘स्किपर’ कुळात तिला आकडाही असतो). पतंगाची मिशी धाग्यासारखी वा पिसासारखी असते. अपवाद इथेही आहेत, पण थोडे.

मुळात ही दोन स्वतंत्र कुळे नव्हेतच. सुमारे 2,300 प्रजातींच्या जनुकांवरून 2023 मध्ये मांडलेल्या वंशवृक्षानुसार फुलपाखरे जवळपास 10 कोटी वर्षांपूर्वी पतंगांतूनच उगवली. मान मात्र धाकट्या फांदीला. महाराष्ट्राने 2015 मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखरू केले; आपल्या लग्नांतला बनारसी शालू ज्या तुतीच्या रेशमाचा, ते रेशीम पतंगाच्या कोशातले, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दिव्यावर झेपावणारा पतंग ही कविकल्पनाही 2024 मध्ये डळमळली. वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांत असे दिसले की कीटक दिव्याकडे ओढले जात नाहीत. ते आपली पाठ उजेडाकडे वळवतात. लक्षावधी वर्षे रात्रीचे आकाश जमिनीहून उजळ होते, तेव्हा ‘वर’ कुठे हे ओळखण्यास एवढे पुरे होते. जवळच्या दिव्यापाशी तीच सवय त्यांना पुन्हापुन्हा वळवून प्रदक्षिणा घालायला लावते. भिंतीवरचा तो जीव पतंग असेल, तर प्रेमाने नव्हे, दिशा चुकल्यामुळे तिथे थकून बसला असण्याचा संभव अधिक. सकाळी पायऱ्यांवर खराटा फिरू लागतो. तो त्या भिंतीपर्यंत पोहोचण्याआधी मिशीचे टोक पाहण्यापुरता अवधी मिळतो.