काजवे आणि कळशी

मंडळी, दरवर्षी मे संपता संपता आमच्या कंपूला काजव्यांची हुक्की येते. गेल्या वर्षी शुक्रवारी कोड चेक-इन केला, मोबाईल बंद केला आणि राजूर-शेंडीमार्गे भंडारदरा गाठलं. शनिवारी सांदण दरी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ उभा चिरल्यासारखी ती घळ पाहिली की आपली डेडलाईन वगैरे फारच किरकोळ वाटते.

संध्याकाळी साम्रदच्या अलीकडे एका वाडीत मुक्काम. मावशींनी पिठलं-भाकरी केली. अंधार पडल्यावर सादडा, बेहडा नि उंबराची झाडं लुकलुकायला लागली. निव्वळ अफाट! तेवढ्यात चार गाड्या हेडलाईट लावून आल्या. तो लुकलुकाट म्हणजे नर-मादीचे एकमेकांना इशारे. एवढ्या उजेडात ते दिसणार कसे? आम्ही त्या गाडीवाल्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. आपण किती जबाबदार पर्यटक, नाही का?

मग मी अंगणातल्या हंड्यातून तीन-चार तांबे घेऊन पाय धुतले. बूटही धुतले. मावशी काही बोलल्या नाहीत.

पहाटे पाचला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. मावशी आणि त्यांची सून पाण्याला निघाल्या होत्या. मीही एक कळशी उचलली. विहीर खाली उतारावर, तळाशी गढूळ पाणी. सून आत उतरून वाटीवाटीने कळशी भरत होती. वर येताना मी चार वेळा थांबलो. मावशी डोक्यावर दोन हंडे घेऊन पुढे.

"पावसाळ्यात लई पानी पडतं बाबा, दोन-दोन दिस घराबाहेर निघता येत नाही," त्या म्हणाल्या. "राहत नाही पन."

घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड, पण कातळात मुरत नाही, उतारावर थांबत नाही. प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली बांधून झालं. ते पाणी कालव्यांनी खालच्या ऊसपट्ट्यात जातं. वाडी राहते वर, कोरडी. ज्या उभ्या कड्यांसाठी आपण इतक्या लांबून धडपडत येतो, त्याच कड्यांवरून यांचं पाणी निघून जातं. आणि काजव्यांचे दिवस नेमके पावसाच्या तोंडावरचे, म्हणजे विहिरीने तळ गाठलेले. आपला सीझन आणि त्यांची टंचाई एकाच पंधरवड्यात!

निघताना मावशींना म्हटलं, "काल बूट धुतले, चुकलंच."

त्या हसल्या. "पावन्याला पान्याला नाही कसं म्हनायचं?"

हेच जास्त लागलं. गाडीवाल्यांना शिव्या घालणं सोपं होतं हो, मला कोणी घातल्या नाहीत.

असो. यंदाही गेलो. डिकीत वीस लिटरचे दोन कॅन होते. त्याने वाडीचा प्रश्न सुटत नाही, ठाऊक आहे. पण निदान आमचे पाय त्यांच्या हंड्यातून धुतले गेले नाहीत. तुम्ही जाणार असाल तर हेडलाईट बंद ठेवाच, आणि पाणी घरून न्या.