बर्फाचा दिवस कुणाच्या खात्यावर?

हिमवादळाचा इशारा टीव्हीवर झळकला की माझा फोन वाजू लागतो. "ताई, उद्या कामावर गेले नाही तर पगार कापतील का? काढून तर टाकणार नाहीत ना?" मी न्यू जर्सीत नोकरदारांच्या बाजूने वकिली करते. विचारणाऱ्यांत गोदामात पाळीने काम करणाऱ्या मावशी असतात, तसेच एच-१बी व्हिसावर आलेले पुण्याचे इंजिनिअरही असतात. बर्फ दोघांच्या दारात सारखाच पडतो, पण माझे उत्तर मात्र दोघांसाठी वेगळे असते, आणि ते मला अजून पचलेले नाही.

कडू भाग आधी सांगून टाकते. खासगी नोकरीत हिमवादळाची रजा म्हणून काही द्यावे, असे अमेरिकेचा केंद्रीय कायदा कुठेही म्हणत नाही. त्यात माँटाना हे एक राज्य सोडले तर सगळीकडे नोकरी 'ॲट-विल', म्हणजे मालकाच्या मर्जीवर. भेदभाव किंवा सूड अशी बेकायदा कारणे वगळता तो कारण न देताही घरी पाठवू शकतो. ओहायोत बर्फाची आणीबाणी काउंटीचा शेरीफ जाहीर करतो. तिच्या तीन पातळ्या आहेत, आणि तिसऱ्या पातळीला गाडी बाहेर काढलीत तर अटक होऊ शकते. मग कामाचे काय? तर आपल्या मालकाला विचारून घ्या, एवढाच सल्ला मिळतो.

पगाराचे गणित १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टवर चालते. तासावर पगार घेणाऱ्याला भरलेल्या तासांचेच पैसे. वादळ आले, दुकान बंद राहिले, तास शून्य, पैसेही शून्य. ठरावीक पगारावरचा 'एक्झेम्प्ट' नोकरदार मात्र वेगळ्या खात्यात मोडतो. केंद्रीय नियमांनुसार त्याला साधारणपणे आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार हवा आणि कामही ठरावीक प्रकारचे हवे. त्याने आठवड्यात थोडे जरी काम केले असेल आणि नंतर मालकाने बर्फापायी ऑफिस बंद ठेवले, तर पूर्ण आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. मालक त्याच्या शिल्लक पीटीओमधून, म्हणजे पगारी रजेतून, तो दिवस वळता करू शकतो, पण पीटीओ संपला म्हणून पगार कापता येत नाही. उलट ऑफिस उघडे असेल आणि हा रस्ता बघून घरी बसला, तर ती वैयक्तिक कारणाची गैरहजेरी ठरते आणि पूर्ण दिवसाचा पगार कापता येतो. अर्ध्या दिवसाचा मात्र नाही. दोन तास बर्फ उपसून अकराला पोचलेल्या मॅनेजरचा पगार शाबूत राहतो, त्याच्याबरोबरच पोचलेल्या रिसेप्शनिस्टचे दोन तास जातात.

म्हणून फोनवर मी बर्फ किती इंच पडला हे विचारतच नाही. दार कोणी बंद ठेवले, तुम्ही की मालकाने, हे विचारते.

एच-१बीवाल्यांसाठी तर सगळे या एका प्रश्नावर ठरते. मालकाकडे काम नाही म्हणून कर्मचारी रिकामा बसला, तरी ठरलेला पगार चालू ठेवला पाहिजे. आपल्या मुलांच्या भाषेत, 'बेंच'वर बिनपगारी बसवता येत नाही. क्लायंटने वादळामुळे ऑफिसला कुलूप लावले, तर तो रिकामा दिवस कर्मचाऱ्याने मागितलेला नसतो. पण स्वतःहून बिनपगारी सुट्टी मागितली, की संरक्षण गेले. कन्सल्टिंग कंपनीकडून फोन येतो, "टाइमशीटवर पर्सनल लीव्ह टाक, म्हणजे प्रश्न मिटला." प्रश्न मिटतो तो कंपनीचा. आणि मुलगा टाकतोही, कारण नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हे त्याला पाठ असते. ज्याला त्या ६० दिवसांची धास्ती आहे, तो एका दिवसाच्या पगारासाठी भांडत नाही. बर्फात गाडी काढू नका असे सांगितले, तरी काढतो.

तासावर काम करणाऱ्यांसाठी काही राज्यांनी थोडी सोय केली आहे. बोलावले म्हणून कामावर पोचलात आणि दारातूनच परत पाठवले, तर किमान काही तासांचे पैसे मिळतात. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक धंद्यांत हे चार तास आहेत, पाळी त्याहून लहान असेल तर तेवढे, आणि तेही किमान वेतनाच्या दराने. हडसन ओलांडून आमच्या न्यू जर्सीत आलात की एक तास. बर्फातून बस बदलत पोचलेल्या बाईला एका तासाचे पैसे देऊन परत पाठवणे ही थट्टा आहे, आणि ती कायदेशीर आहे.

थंडी आणि नोकरी यांच्यावरचा मला सर्वात आवडणारा खटला मात्र बर्फाचा नाहीच, बंद पडलेल्या भट्टीचा आहे. ५ जानेवारी १९५९, बाल्टिमोर. वॉशिंग्टन ॲल्युमिनियम या कंपनीच्या मशीन शॉपला ऊब देणारी तेलाची मोठी भट्टी आदल्या रात्री बंद पडली होती. त्या दिवशी शहराचे तापमान ११ ते २२ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली साधारण साडेपाच ते बारा अंश सेल्सिअस. शॉपमधल्या थंडीच्या तक्रारी त्याआधीही झाल्या होत्या. सकाळी कामगार कुडकुडत उभे होते, आणि या लोकांत दम असता तर ते घरी गेले असते, अशा अर्थाचे काहीसे त्यांचा फोरमनच बोलून गेला. सात जण खरोखरच घरी गेले. फोरमनच्या परवानगीशिवाय काम सोडायचे नाही, या नियमावर बोट ठेवून कंपनीने सातही जणांना काढून टाकले.

त्यांची युनियन नव्हती, पुढारी नव्हता, लेखी मागणी नव्हती. खालच्या अपील न्यायालयाने नेमके हेच त्यांच्यावर उलटवले: मालकाला सुधारायची संधी न देताच निघून गेलात. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवले. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्युगो ब्लॅक यांनी. ज्यांच्या वतीने बोलणारे कुणी नाही त्यांनी स्वतःच जमेल तसे बोलायचे असते, आणि कडाक्याच्या थंडीत मिळून बाहेर पडणे हे तसेच बोलणे आहे, असा त्याचा रोख. १९३५ च्या नॅशनल लेबर रिलेशन्स ॲक्टच्या सातव्या कलमाने कामगारांना एकमेकांसाठी मिळून काही करण्याचा हक्क दिला आहे, आणि कंपनीचा परवानगीचा नियम त्याच्या आड येऊ शकत नाही. सातही जणांना थकीत पगारासह परत घेण्याचा आदेश कायम झाला.

हा निकाल आमच्या लोकांना ठाऊकच नाही, याचे मला फार वाईट वाटते. युनियन ही आपल्यासाठी नाही, अशी पांढरपेशांची ठाम समजूत असते. पण हे कलम युनियन नसलेल्या ऑफिसलाही लागू आहे. व्हिसा कोणता, यावरही ते अडत नाही. सुपरवायझर, शेतमजूर, घरकामगार आणि सरकारी नोकर त्यातून वगळलेले आहेत, बाकी बहुतेक सगळे आत. 'मला उद्या यायला जमणार नाही' या ईमेलला त्याचे कवच सहसा मिळत नाही. 'पार्किंगमधला बर्फ काढलेला नाही, आम्ही चौघे उद्या घरून काम करू देण्याची विनंती करतो' या ईमेलला मिळू शकते.

एकट्याने निर्णय घेतला की काय होते, ते इलिनॉयमध्ये अडकलेल्या एका ट्रकचालकाच्या बाबतीत दिसले. जानेवारी २००९, मध्यरात्र, तापमान शून्य फॅरनहाइटच्याही खाली. ट्रेलरचे ब्रेक गोठलेले, केबिनमधला हीटर बंद. मदत येईपर्यंत थांब, असा कंपनीचा निरोप. काही तास थांबल्यावर पाय बधिर झाले, तेव्हा त्याने ट्रेलर सोडला आणि नुसता ट्रक घेऊन तो ऊब शोधायला गेला. कंपनीने त्याला काढले. २०१६ मध्ये अपील न्यायालयात तो जिंकला, पण दोन विरुद्ध एक अशा मतांनी. असुरक्षित वाहन चालवायला नकार देणाऱ्याला कायदा वाचवतो आणि याने तर ते चालवले, असे विरोधी मत देणारे न्यायाधीश होते नील गोर्सच. पुढच्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सात वर्षे झगडून मिळालेल्या न्यायाला हक्क म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता घरून काम आले, मग प्रश्न कुठे उरला, असे काही जण म्हणतात. केंद्र सरकारच्या नोकरांना हवामानासाठी वेगळी पगारी रजा मिळते, पण घरून काम करण्याची सोय असलेल्याला ती सहसा मिळत नाही. म्हणजे लॅपटॉपवाल्याची सुट्टी गेली, पगार राहिला. ज्याचे काम घरी नेता येत नाही, त्याच्यासाठी काहीच बदलले नाही. डिसेंबर २०२२ च्या वादळात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो भागात चाळीसहून अधिक माणसे गेली. गाड्या चालवण्यावर बंदी आली ती शुक्रवारी सकाळी साडेनऊला, सकाळच्या पाळीचे लोक कामावर पोचल्यानंतर. बंदी आदल्या रात्री आली असती तर मालकांना पाळ्या रद्द कराव्या लागल्या असत्या. गाडीत अडकून गेलेल्यांत कामावरून घरी परतणारे होते.

यावर भारतात काय, असे कुणी विचारले की मी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याकडे बोट दाखवते. नैसर्गिक आपत्तीमुळे काम देता आले नाही तर तो त्यात 'ले-ऑफ' धरला होता, आणि ठरावीक आकाराच्या कारखान्यांतल्या पात्र कामगारांना मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई होती. ती किती जणांच्या हातात पडली हा वेगळा विषय, पण निदान तत्त्व कागदावर होते. इथे तेही नाही.

न्यू जर्सीने एका तासाचे किमान चार तास करावेत, आणि प्रवासबंदी असलेल्या दिवशी गैरहजर राहिलेल्याला काढता येणार नाही असे स्पष्ट लिहावे, ही मागणी आपापल्या विधिमंडळ सदस्याकडे करता येते. मत नसलेल्या व्हिसाधारकांनाही पत्र लिहिता येते. आणि आपल्यातले बरेच जण आता इथे मालक आहेत: किराणा दुकाने आहेत, डेकेअर आहेत, दवाखाने आहेत. वादळाचा इशारा बहुतेक वेळा आदल्या दिवशी मिळतो. तुमच्याकडे तासावर काम करणाऱ्यांना त्या रात्रीच मेसेज पाठवा: उद्या येऊ नका, पगार मिळेल.