'हाय'च्या पुढे

निमोण्यात अ‍ॅप उघडलं की पन्नास किलोमीटरच्या आत निम्मी आडनावं ओळखीची निघतात. नुसतं 'हाय' टाकायलाही भीती; स्क्रीनशॉट थेट चुलत्याच्या मोबाइलवर. २०१८ला भारतात आलेल्या बंबलवर तेव्हा पहिला मेसेज मुलीनंच करायचा, हे बरं होतं. तिनं विचारलं, "फोटोतले खड्डे कसले?" निघोजचे रांजणखळगे! कुकडीच्या प्रवाहात गरगरणाऱ्या गोट्यांनी बेसॉल्ट कसा कोरला, यावर रात्र सरली. (कौतुकापेक्षा असा प्रश्न केव्हाही भारी.)

भेटीची जागा तिनंच ठरवली. कुणी पाहिलं असतं तर नोकरी तिची सुटली असती, माझी नाही. रविवारी सकाळी अकरा, रांजणगावचा महागणपती, आपापली गाडी, एक चहा. अष्टविनायकाच्या गर्दीत कोण कुणाला विचारतं? एका चहाचे तीन झाले. घरी दाखवायला दोघांकडेही प्रसाद होता.