शाहीर येणार आहे

१ ऑगस्ट
अण्णा भाऊंची जयंती. दुपारपासून मिरवणुका. डीजेनं तावदानं थरथरतायत. मागच्या एका टेम्पोवर डफ, तुणतुणं आणि तीन-चार म्हातारे. तोंडं हलताना दिसत होती, ऐकू काहीच येत नव्हतं.
अण्णा भाऊ, गव्हाणकर, अमर शेख. १९४४ चं लाल बावटा कलापथक. तिसरं नाव आपल्या सोलापूर जिल्ह्याचं.
यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेला अमर शेख. ठरलं.

३ ऑगस्ट
ग्रुपला सांगितलं. आमचे ज्येष्ठ नट म्हणाले, "राम जोशींवर करा की. सोलापूरचेच आहेत. लावणी आली की पब्लिक बसतंय." म्हटलं, त्यांच्यावर १९४७ सालीच पिक्चर झालाय. "मग? चाललाच की तो." गप्प बसलो.

७ ऑगस्ट
टिपणं. अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शी, २० ऑक्टोबर १९१६. आई मुनेरबी, गाणं तिच्याकडून आलं. गाडीवर क्लीनर. गिरणी कामगार. संप, तुरुंग. मग पक्ष, कलापथक, संयुक्त महाराष्ट्र. २९ ऑगस्ट १९६९, अपघाती मृत्यू.
ओळीनं मांडलं तर पाठ्यपुस्तकातला धडा. स्वाध्यायासकट.

८ ऑगस्ट
त्यांनी स्वतः नाटक लिहिलंय. 'पहिला बळी'. वाचनालयाच्या नोंदवहीत आहे, कपाटात नाही.

१४ ऑगस्ट
पहिला प्रवेश. शाहीर मंचावर येतो. आला की भाषणच करतो. बाकीची पात्रं माना डोलावतात. बाजूला ठेवला.

१९ ऑगस्ट
वकील मित्राकडे. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे. मोजायचं पुढच्या वर्षापासून. म्हणजे २०२९ अखेर. गाणी घ्यायची तर लेखी परवानगी.
पत्राचा मसुदा करायला बसलो. कुठली गाणी, ते लिहिलं. कशासाठी, या ओळीला अडलो.

२३ ऑगस्ट
काही नाही. पाऊस नाही, प्रवेश नाही.

२९ ऑगस्ट
बार्शी. सकाळची एसटी. भगवंताचं दर्शन घेतलं, मग गिरणीच्या बाजूला भटकलो. चहाच्या टपरीवर एक आजोबा. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून शाहिरांचा कार्यक्रम बघितलेला.
"कोणतं गाणं होतं?"
"गाणं आठवत नाही."
"मग?"
"दुसऱ्या दिवशी बाप कामावर गेला नाही. आई लई भांडली. एका पाळीचा पगार बुडाला म्हणून."
बिस्किट चहात बुडवून खात होते. आणखी विचारलं, तर पावसाचं बोलायला लागले.

३० ऑगस्ट
दुसऱ्या दिवशी कामावर न गेलेला बाप. भांडणारी आई. नाटक तिथं आहे.

४ सप्टेंबर
ग्रुपमधल्या गिटारवाल्या पोराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बॉब डिलनच्या गाण्यांवर लंडनला २०१७ मध्ये नाटक आलं, त्यात डिलन नाहीच. १९३४ सालचं डुलुथ गाव, मंदीचे दिवस, एक कर्जात बुडालेलं लॉज. माणसं तिथली, गाणी डिलनची.
आपल्याकडे 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. शाहीर संभाजी भगतांचं संगीत. त्यातली गाणी नाटकाला पुढं ढकलतात. पुन्हा बघायला हवं.

८ सप्टेंबर
गणपती. पोरं लेझीमला. तालीम बंद.

१३ सप्टेंबर
रात्री दोनला सापडलं. ३१ ऑक्टोबर १९५६. उजाडल्यावर दोन राज्यं होणार. तिकडे आंध्र प्रदेश, इकडे गुजरातीसकट मुंबईचं द्विभाषिक. सोलापूरचा पूर्वभाग. पद्मशाली विणकराचं घर. घरात तेलुगू, बाजारात मराठी. धाकटा भाऊ म्हणतो, चल परत करीमनगरला, आता ते आपलं राज्य. थोरला म्हणतो, थांब, आज चौकात शाहीर येणार आहे.
ज्याच्या घरात तेलुगू, त्यानं संयुक्त महाराष्ट्राच्या गाण्याला का जावं? तरी तो जातो. का?
अमर शेख त्या रात्री इथं होते, असं नाटकानं म्हणायचं नाही. शाहिराला नाव नाही.

१४ सप्टेंबर
नावही मिळालं. 'शाहीर येणार आहे'.

२२ सप्टेंबर
दोन प्रवेशांचं वाचन. चाचणी म्हणून एक गाणं पोरांनी बसवलेलं. डफ, ढोलकी, इलेक्ट्रिक गिटार. दणदणीत झालं. शिट्ट्या. शेजारच्या कारखान्यातले कामगार दारात येऊन उभे.
गाणं संपलं. विणकराच्या बायकोचं वाक्य आलं. कुणी ऐकलंच नाही. कामगारही निघून गेले.

२३ सप्टेंबर
गाण्याला शंका नाही. माझ्या विणकराकडे शंकेशिवाय दुसरं काही नाही. दोघं एका मंचावर आले की विणकर मरतो.

२७ सप्टेंबर
गाणी काढली. चौक लांब आहे. वाऱ्यावर डफ येतो, शब्द येत नाहीत. घरातली माणसं कान देऊन शब्द लावायचा प्रयत्न करतात. प्रत्येकाला वेगळे ऐकू येतात. धाकट्याला तर आपली थट्टाच ऐकू येते.
गिटारवाला रुसला. "मग मी काय करू सर?" उत्तर दिलं नाही.

२८ सप्टेंबर
पत्राचा मसुदा रद्द. गाणी मागायचीच नाहीत. पण जाहिरातीत नाव येणार, तर कळवायला हवं. नवं पत्र. चार ओळी.

३ ऑक्टोबर
विणकराच्या बायकोची भूमिका मावशी करतायत. कुंभारीच्या विडी घरकुलातून येतात. सूप मांडीवर घेऊनच तालमीला. घरून भिजवून आणलेलं पान, ओल्या फडक्यात. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापतात, चिमूट तंबाखू, एक वळसा, नखानं तोंड आत दाबलं, दोरा. हात थांबत नाही, वाक्य चुकत नाही. वाक्याचा शेवट बरोबर दोऱ्याच्या गाठीवर.
ढोलकीवाल्याला म्हटलं, हात बघ त्यांचे. लय तिथून घे.

६ ऑक्टोबर
मावशींनी वही पुढं ढकलली. "सर, हे वाक्य काढा."
वाक्य माझं आवडतं. बायको नवऱ्याला विचारते, आपली माती कोणती?
"आमच्यात बाई असं बोलत नाही. ती विचारंल, करीमनगरचं भाडं किती? आणि माग कोण नेणार?"
काढलं.

७ ऑक्टोबर
त्यांचं वाक्य घातल्यावर अख्खा दुसरा अंक उलटा झाला. आता भांडण भाषेचं राहिलंच नाही. माग लाकडी, जड, उधारीवर घेतलेला. तो नेता येत नाही, म्हणून माणूस राहतो. वर शाहीर सांगतो की तू या मातीचा. दोन्ही खरं.

११ ऑक्टोबर
नेपथ्याला जुना हातमाग बघितला. भंगारवाला लाकडाच्या भावानं सुद्धा देईना. आता अँटिक झालाय म्हणे. बजेट संपतं. नुसता धोट्याचा आवाज ठेवायचा का? प्रेक्षकाला माग दिसला नाही तर भाडं किती, हे वाक्य पोकळ होईल. माग पाहिजेच. उधारीवर.

१४ ऑक्टोबर
मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही जेवताना पण बोटांनी ताल धरता. हिनं ताट ओढून घेतलं.

२० ऑक्टोबर
शाहिरांचा जन्मदिवस. शेवट लिहिला. थोरला चौकाकडे निघतो, बायको त्याच्या हातात कंदील देते आणि मागाचा हप्ता कधी, ते विचारते. धाकटा बोचकं बांधत राहतो. डफ वाढतो. पडदा.

२१ ऑक्टोबर
संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे. प्रती, अर्ज, सही. पानांवर नंबर टाकताना लक्षात आलं, अमर शेख हे नाव संहितेत एकदाही नाही. फक्त अर्पणपत्रिकेत.

२५ ऑक्टोबर
ज्येष्ठ नट: "मग हे अमर शेखांवरचं नाटक कसं?"
त्यांना म्हटलं, प्रयोग बघा. आवाज चढला माझा.

२ नोव्हेंबर
कुंभारीत रंगीत तालीम. मावशींच्या शेजारणी, नातवंडं, काही रिटायर्ड गिरणीवाले. पेट्रोमॅक्सचा उजेड पाहिजे होता, बल्ब मिळाला. माग मिळाला. हप्त्यानं.
संपल्यावर टाळ्या कमी, कालवा जास्त. एक म्हातारी उभी राहून म्हणाली, थोरल्यानं जायला पाहिजे होतं, इथं काय मिळालं? दुसरी तिच्यावर खेकसली. गिरणीवाला मधे पडला. तेलुगू, मराठी, पुन्हा तेलुगू. मावशी हसत विडी वळत होत्या.
परतताना गिटारवाला म्हणाला, "सर, गाणं का नाही, हे कुणी विचारलंच नाही."
"वाईट वाटलं?"
"नाही. तो लांबचा डफ मीच वाजवू का? ढोलकीवाला लई जवळ वाजवतोय."
उद्यापासून डफ त्याच्याकडे. हुतात्मा स्मृती मंदिरात विंगेच्या किती मागं उभं करायचं, ते जाऊन बघायचं.