घाईतली अक्षरं

बारावीनंतरच्या सुट्टीत मी फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायचे. कबड्डीची स्पर्धा, दादांचा वाढदिवस, नवीन जिम: गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, मी अक्षरं जाड करायचे आणि उजवीकडे कलती करायचे. देवनागरीत तिरका फॉन्ट नसला तरी अडत नाही. बटण दाबलं की सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलतं. शिरोरेषा आडवीच राहते, काने आणि दांडे मात्र पुढे झुकतात, चालती बस पकडायला निघाल्यासारखे.

त्याच सुट्टीत मामा गेला. फ्लेक्स मीच केला. सकाळची कबड्डीची फाइल उघडीच होती. मजकूर बदलला, रंग काळा केला, फोटो टाकला. चौकात फ्लेक्स लागल्यावर मामी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांना कसली घाई होती गं?"

मामानं आयुष्यभर एसटी चालवली. लांबून हात करणाऱ्या म्हातारीसाठी बस थांबवणारा माणूस.

पुढे डिझाइन शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच वर्षी बार्बरा क्रूगरची पोस्टर्स पाहिली. फ्युचुरा हा पॉल रेनरनं 1927 मध्ये आणलेला जर्मन फॉन्ट; भूमितीतून काढल्यासारखा, शांत. क्रूगर त्याचं जाड, तिरकं रूप वापरते. 1989 साली वॉशिंग्टनला गर्भपाताच्या हक्कासाठी मोर्चा निघाला, त्यासाठी तिनं केलेलं पोस्टर बघा. बाईचा चेहरा मधोमध दुभागलेला, अर्धा निगेटिव्ह. चेहरा स्थिर, थेट आपल्याकडे बघणारा. आणि त्यावर लाल पट्ट्यांत पांढरी अक्षरं, अंगावर येणारी. तिथे ती घाई खरी आहे. थांबायला वेळच नाही, असं सांगायचंय. पुढे सुप्रीम या न्यूयॉर्कच्या ब्रँडनं जवळपास तसंच लाल-पांढरं रूप टोप्यांवर आणलं, आणि तो आवाज दुकानाचा झाला.

तेव्हा मला मामीचा प्रश्न कळला. जाड तिरकं अक्षर वाईट नसतं. ते ओरडतं आणि पळतं. जर्सीवर, सेलच्या बोर्डावर, मोर्च्यात ते हवंच. पण त्याला हळू बोलता येत नाही. मी मामाचं नाव वाचलंच नव्हतं, फक्त टाइप केलं होतं.

वर्षश्राद्धाला दुसरा फ्लेक्स केला. सरळ अक्षरं, मध्यम जाडी, नावाभोवती भरपूर मोकळी जागा. मामी काही बोलली नाही. उतरवल्यावर तो गुंडाळून घरात घेऊन गेली.

पहिला गोठ्यावर आहे. पाऊस गळतो म्हणून मामेभावानं पत्र्याखाली बांधलाय, छापील बाजू आत. म्हशींच्या डोक्यावर मामाचं नाव अजून उजवीकडे धावतंय.