वाकळ

भाऊबीजेची ओवाळणी ताटात पडते न पडते तोच आमच्या शिरूर कासारला हिवाळा येतो, आणि तो एकटा येत नाही. ट्रॅक्टर घेऊन येतो. पहाटेच्या काळोखात वस्तीवस्तीवर ट्रॅक्टर उभे राहतात. त्यांत पत्र्याची पेटी, पाण्याची घागर, परात, तवा, चार गोधड्या, एखादी शेळी आणि सर्वांत शेवटी पोरेबाळे चढतात. बायका देवळाकडे तोंड करून हात जोडतात. म्हातारी माणसे ओट्यावर नुसती उभी राहतात. दिवस कासराभर वर येईतो आळीच्या आळी रिकामी झालेली असते. ऊसतोडीला गेलेली ही माणसे परततात ती फाल्गुन-चैत्रात, गुढीपाडव्याच्या आगेमागे.

नवल असे की, ज्या दिवसांत गाव असे रिते होते, नेमक्या त्याच दिवसांत रान भरून येते. मी शाळामास्तर आहे, चार कादंबऱ्याही माझ्या हातून लिहून झाल्या. पण हा हिशेब मला अजून नीट जुळवता आलेला नाही.

आमचा मळा सिंदफणेच्या काठी आहे. ही नदी पाटोद्याकडच्या डोंगरात जन्मते, आमच्या गावावरून जाते आणि पुढे माजलगावच्या बाजूला गोदावरीला मिळते. मळा सारा मिळून १४ एकरांचा; त्यांतले ३ एकर विहिरीखाली भिजणारे, बाकीचे आभाळाच्या भरवशावर. दोन बैल, दोन म्हशी, पाच-सहा शेळ्या आणि मोजदाद कधीच न लागलेल्या कोंबड्या. माझी आजी म्हणायची, "ह्या मळ्यात मीठ तेवढं पिकत न्हाई, ते इकत आणावं."

त्या म्हणण्याचा खरेपणा हिवाळ्यात दिसे. काळ्या रानात मालदांडीची ज्वारी पोटरीला आलेली असे. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेला तिचा ३५-१ हा वाण आमच्याकडे घराघरांत ठाऊक आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरलेले असले की पुढे दव आणि थंडी यांवर ही ज्वारी तग धरते. तिच्या कडेकडेने करडईच्या चार ओळी. करडई काटेरी, म्हणून मोकाट जनावर आत शिरत नाही. कोवळी असताना तिची भाजी होते आणि पिकल्यावर तेल. असे कुंपण दुसरे कोठले! पलीकडे तूर, कापूस. विहिरीजवळ गहू, हरभरा, कांद्याचे वाफे, लसूण, मेथी आणि वांगी. चंपाषष्ठीपर्यंत आजी वांग्याला शिवत नसे. त्या दिवशी मात्र भरीत-रोडग्यांचा नैवेद्य झाला की चार महिन्यांची कसर आम्ही एका पंगतीत भरून काढत असू.

कामाला मात्र अंत नसे. सकाळी दव सुकल्यावर कापूस वेचायचा, कारण ओला कापूस काळवंडतो. दुपारी हरभऱ्याचे शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की झाड फुटते आणि घाटे वाढतात, शिवाय संध्याकाळच्या भाकरीला आंबूस भाजी मिळते. ज्वारी दाण्यावर आली की पहाटेपासून माळ्यावर चढून गोफण फिरवायची. रात्री वीज आली की दादा कंदील घेऊन दारे धरायला जात, म्हणजे एका वाफ्यात पाणी भरले की दार फोडून दुसऱ्यात वळवायचे. पौषातल्या रात्री गुडघाभर गार पाण्यात उभे राहून हे करावे लागते. मोटेचा काळ गेला, मोटार आली. पण वीज रात्रीची, त्यामुळे झोप काही परत आली नाही.

आजीचे एक निराळेच काम असे. हरभऱ्यावर रात्री ती पांढरे धडके पसरून ठेवी. पहाटे दवाने ते भिजे. ते पिळले की वाटीभर आंबट पाणी निघे. ही हरभऱ्याची आंब. कोणाचे पोट दुखले की आजी ती बाटली काढी. त्या आंबेच्या धाकानेच निम्मी पोटदुखी बरी होई, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आणि मग हुरडा! बांधाजवळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, निखारे झाले की गुळभेंडीची कोवळी कणसे राखेत खुपसायची, भाजली की तळहातावर चोळून हिरवे, गरम दाणे मुठीत घ्यायचे. संगतीला लसणाची चटणी, दही, गूळ, ओंजळभर बोरे. हल्ली रस्त्याकडेच्या शेतांतून शहरातले लोक पैसे मोजून हुरडा खायला जातात, आणि २०२३ साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आमच्या ज्वारीला असे दिवस आलेले पाहून आजी पदर तोंडाला लावून हसली असती.

आजी दर साली थोडा हुरडा मागे ठेवी. सुपात पसरून तो खडखडीत वाळवी आणि उतरंडीतल्या एका मडक्यात भरी. पाडव्याला ऊसतोडीची माणसे आली की तो भिजवून फोडणीला टाकी आणि आमच्या बांधाशेजारच्या घरी वाडगाभर पाठवी. "त्येंच्या वाट्याचा हिवाळा हाय त्यो," असे म्हणे.

त्या शेजाऱ्यांची चार एकर जमीन; सगळी मुरमाड, विहीर नाही. बीडच्या या पश्चिम पट्ट्याला पाऊस मुळात कमी. खरिपाची बाजरी निघाली की पुढे सहा महिने हाताला काम नाही. तिकडे १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने झाले, आणि त्यांना ऊस तोडायला माणसे हवी झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडचे लोक अधिकच त्या वाटेला लागले. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. तिथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको दोघे मिळून.

या घरचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तो गावातच आहे. गणितात माझ्यापेक्षा हुशार, गोफणीत तर फारच. आम्ही सहावीत असताना दिवाळीच्या आधी त्याची आई मळ्यात आली आणि उंबऱ्याबाहेरच उकिडवी बसली.

"आत्याबाई, पोराला ह्या साली तुमच्यापशी ठिवावं म्हणते. साळा बुडती त्याची. पडंल ते काम करंल."

आजी काही बोलली नाही. दादांकडेही तिने पाहिले नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रं, झोपंल का त्यो तुझ्या वाकळंत?"

आता सांगायला लाज वाटते. गुरुजी वर्गात त्याला शाबासकी देत आणि मला त्याच्याकडे बघ म्हणत. तो घरातही आला तर आजीच्या हातचा पहिला हुरडाही त्यालाच मिळेल, एवढेच माझ्या डोक्यात आले.

मी म्हणालो, "माजी वाकळ लहानी हाय."

त्याची आई उठली. "बरं हाय," म्हणाली आणि लुगडे झटकून गेली. मोठ्या माणसांनी पोराच्या शब्दावर एवढी गोष्ट का सोडावी? आमच्याही घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती. कदाचित दादांना नकार द्यायचाच होता आणि माझा शब्द सोयीचा पडला असेल. हे सारे मी पुढे मनाशी पुष्कळ वेळा म्हणून पाहिले आहे. पण शब्द माझाच होता. भाऊबीजेनंतर तो ट्रॅक्टरवर चढला तेव्हा त्याने मला हात केला. त्याला काहीच ठाऊक नव्हते, किंवा असेलही. पाडव्याला तो परत आला तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. पुढल्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. त्या साली आजीने हुरडा पाठवला तो माझ्याच हाती. वाडगा देऊन मी पळत आलो.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. मळ्यात मळणीयंत्र येते, तिवड्याभोवती बैल फिरत नाहीत. ज्वारी थोडी कमी झाली, कापूस वाढला. ट्रॅक्टर मात्र दर दिवाळीला येतातच. मुले मागे राहावीत म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही आणली. चांगलेच झाले. तरीही दिवाळीच्या सुटीनंतर मी वर्गात शिरतो तेव्हा रिकाम्या जागा पाहून हजेरीपट उघडायला हात जरा रेंगाळतो.

गेल्या साली दसऱ्याच्या सुमारास तो शाळेच्या फाटकाशी आला. त्याची मुलगी माझ्याच वर्गात, सहावीत. टोपी हातात घेऊन म्हणाला, "गुरुजी, बारक्याला संगं नेतो. पोरीला मागं ठिवावं म्हणतो, पर म्हातारी आता ऱ्हायली न्हाई. तुमच्या बगण्यात कुणी हाय का?"

एके काळी जो मला 'आरं' म्हणे, तो आता 'गुरुजी' म्हणत होता. ते मला अधिक लागले.

मी म्हणालो, "आमच्याकडंच राहू दे. वाकळा मोप आहेत."

मुलगी राहिली. शाळा सुटली की माळ्यावर चढे. गोफण बापासारखीच नेमकी. पौषात हुरडा झाला तेव्हा तिने चार मुठी खाल्ल्या आणि उरलेला सुपात पसरला. माझी पत्नी म्हणाली, "अगं, खा की." ती म्हणाली, "माईला अन् बापूला ठिवते." तिला हे कोणी शिकवले होते कोण जाणे, आम्ही तर नव्हते शिकवले.

पाडव्याला ती माणसे परत आली. मुलीने स्वतः तो हुरडा फोडणीला टाकला. त्याने पहिला घास तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाला, "आत्याबाईचा हाय ह्यो." मग मला म्हणाला, "तुम्ही वाडगा ठिवून लई जोरात पळायचे, गुरुजी." आणि हसला.

वाकळीचे त्याला ठाऊक आहे की नाही, हे मी त्या दिवशी विचारणार होतो. विचारले नाही. एका पोरीला एक हिवाळा सांभाळून ती जुनी बाकी फिटते, असे मी मानत नाही. आपल्या घरी फराळाच्या ताटात जी साखर पडते, तिच्यामागे असे किती वर्ग रिकामे झाले असतील, हे मोजण्याइतके गणित मला तेव्हाही येत नव्हते.

याही साली भाऊबीजेनंतर ट्रॅक्टर येतील. मुलगी सातवीत गेली आहे. काल तिच्या भावाने येऊन विचारले, "मीबी ऱ्हाऊ का?" पत्नीने दोन वाकळा बाहेर काढल्या आणि अंगणात उन्हात घातल्या.